पन्नास डॉलरची बिदागी

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचे एक चिमुकले राज्य आहे. त्या राज्यातील न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी, पाण्यात शिरलेल्या भूभागावर, एकोणिसाव्या शतकात बांधलेला एक भक्कम दगडी किल्ला उभा आहे. फोर्ट ॲडम्स हे त्याचे नाव. शत्रूच्या गलबतांवर मारा करता यावा म्हणून उभारलेल्या या किल्ल्याच्या परिसरात हल्ली दरवर्षी जुलै महिन्याच्या अखेरीस तीन दिवस गाण्याचा मेळा भरतो. तटाच्या आत आणि बाहेरच्या हिरवळीवर व्यासपीठे उभारलेली असतात. दररोज सुमारे दहा हजार माणसे उन्हात, गवतावर सतरंज्या पसरून बसलेली असतात. ज्यांना तिकीट मिळालेले नसते त्यांच्यापैकी काहीजण होड्या घेऊन येतात आणि बंदरात नांगर टाकून पाण्यावरूनच गाणे ऐकतात. गेल्या काही वर्षांत तर असे घडू लागले आहे की, कोण गाणार याची यादी जाहीर होण्यापूर्वीच सगळी तिकिटे संपलेली असतात. श्रोते तेथे एखाद्या गायकाच्या नावावर विसंबून जात नाहीत. त्यांचा विश्वास त्या व्यासपीठावर असतो.

हा विश्वास कसा निर्माण झाला, तो मध्यंतरी कसा गमावला गेला आणि पुन्हा कसा मिळवावा लागला, याची हकीकत संगीताच्या जाणकारांइतकीच, कोणतीही सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या माणसालाही विचार करावयास लावील अशी आहे.

या मेळ्यात जे संगीत ऐकावयास मिळते त्याला अमेरिकेत ‘रूट्स म्युझिक’, म्हणजे मुळांशी नाते राखणारे संगीत, असे म्हणतात. आपल्याकडे जात्यावरची ओवी, शेतातील भलरी किंवा पहाटेच्या वासुदेवाचे गाणे यांचा कर्ता कोण, हे जसे सांगता येत नाही, तशीच त्या संगीताचीही स्थिती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी कापसाच्या मळ्यांत आणि तुरुंगांच्या आवारांत गाइलेली ब्लूज गीते व त्यांची सामुदायिक धर्मगीते, ॲपलाचियन डोंगराळ मुलुखात स्कॉटलंड-आयर्लंडकडून येऊन वसलेल्या लोकांची कथागीते, लुइझियानातील फ्रेंच भाषकांची नृत्यगीते, असे अनेक प्रवाह त्यात मिसळलेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला विजेवर चालणारी गिटार आणि ढोलताशांची जोड मिळून जे रॉक संगीत निर्माण झाले, ती याच वृक्षाला फुटलेली एक फांदी होय. आणि ‘स्वतंत्र’ कलावंत म्हणजे ज्याने आपली गाणी मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपनीच्या कंत्राटात बांधून घेतलेली नाहीत, जो स्वतः गातो, स्वतः ध्वनिमुद्रण करतो आणि गावोगाव हिंडून आपला श्रोता स्वतः मिळवितो, असा कलावंत. मुळांशी नाते आणि बाजारापासून स्वातंत्र्य या दोन गोष्टींचा संगम जेथे होतो अशा खुल्या व्यासपीठांमध्ये न्यूपोर्टचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

वास्तविक न्यूपोर्ट हे अशा संगीताचे माहेर नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या कोट्यधीशांनी उन्हाळ्यातील विश्रांतीसाठी तेथे समुद्रकाठी महाल बांधले. या श्रीमंत गावात १९५४ साली जॉर्ज वाइन या पियानोवादक आयोजकाने, लॉरिलार्ड या धनिक दांपत्याच्या साहाय्याने, जॅझ संगीताचा महोत्सव सुरू केला. दिवाणखाने, मद्यगृहे आणि नृत्यगृहे यांत वाढलेले संगीत त्याने मोकळ्या आकाशाखाली आणले. त्याला यश आल्यावर १९५९ च्या जुलै महिन्यात लोकसंगीताचा पहिला महोत्सव भरला. जोन बाएझ ही अठरा वर्षांची अपरिचित मुलगी त्या वर्षी दुसऱ्या एका गायकाची पाहुणी म्हणून रंगमंचावर आली आणि दोन गाणी गाऊन उतरली, ती प्रसिद्ध होऊनच. परंतु १९६० च्या उन्हाळ्यात जॅझ महोत्सवाच्या वेळी तिकीट न मिळालेल्या तरुणांनी गावात दंगल माजविली. त्यानंतर दोन वर्षे लोकसंगीताचा महोत्सव भरू शकला नाही.

१९६३ साली तो पुन्हा सुरू झाला तो अगदी वेगळ्या पायावर. वाइनने पीट सीगर व त्याची पत्नी तोशी यांच्याशी विचारविनिमय केला आणि महोत्सवाची मालकी नफ्याचा हेतू नसलेल्या एका प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आली. त्याच्या संचालक मंडळावर व्यापारी कोणी नव्हते. सीगर, थिओडोर बिकेल, जीन रिची, पीटर यारो यांच्यासारखे स्वतः गाणारे लोक होते. या मंडळाने जो नियम केला तो मनोरंजनाच्या जगात अपूर्व म्हटला पाहिजे. नियम असा होता की, कलावंत कितीही प्रसिद्ध असो वा अप्रसिद्ध, प्रत्येकाची बिदागी एकच राहील: पन्नास डॉलर आणि येण्याजाण्याचा व राहण्याजेवणाचा खर्च. एका रात्रीच्या कार्यक्रमाचे हजारो डॉलर घेणारे त्रिकूट आणि मिसिसिपीच्या शेतावरून आलेला मजूर यांनी एकाच टेबलापाशी आपली सारखी रक्कम घ्यावयाची. तिकीटविक्रीतून जे उरेल ते प्रतिष्ठानाच्या खात्यात जमा व्हावयाचे आणि त्यातून लोकगीतांचा शोध, संग्रह आणि संवर्धन यांना साहाय्य द्यावयाचे.

या नियमामागील हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. लोकगायकाचे नाव कोणाला ठाऊक नसते, म्हणून त्याच्या नावावर तिकिटे खपत नाहीत. प्रसिद्ध गायकाच्या नावावर तिकिटे खपतात. पण त्याला त्याचा बाजारभाव दिला तर लोकगायकाला दूरच्या गावाहून आणण्यास पैसे उरत नाहीत. प्रसिद्ध गायकाने आपला बाजारभाव सोडला की ही अडचण दूर होते. ज्यांच्या गाण्यांवर आपली कीर्ती उभी राहिली त्यांचे देणे फेडण्याची ही एक रीत होती. दानाची भाषा न वापरता, केवळ समान बिदागीच्या रूपाने, हे देणे फेडले जाई. त्यामुळे घेणाऱ्याचा मान राहत असे.

या नियमाने काय साधले याची दोन उदाहरणे पाहावीत.

जॉन हर्ट हा मिसिसिपी राज्यातील ॲव्हलॉन नावाच्या खेड्यातील कृष्णवर्णीय शेतमजूर. १९२८ साली एका कंपनीने मेम्फिस व न्यूयॉर्क येथे नेऊन त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पाठोपाठ जागतिक मंदी आली. हर्ट आपल्या गावी परतला आणि पुढील पस्तीस वर्षे गुरे राखीत, शेतात राबत, आप्तेष्टांपुरते गात राहिला. इकडे शहरांतील काही तरुण संग्राहकांच्या हाती त्याच्या जुन्या तबकड्या आल्या. हा गायक जिवंत आहे किंवा नाही, हेही कोणास ठाऊक नव्हते. त्याच्याच एका गाण्यात गावाचे नाव होते. तेवढ्या धाग्यावर टॉम हॉस्किन्स हा तरुण १९६३ साली नकाशात ते नाव शोधून खेड्यात पोहोचला आणि म्हातारा घरीच भेटला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, वयाच्या सत्तरीच्या आसपास, हर्ट न्यूपोर्टच्या व्यासपीठावर बसून अत्यंत मृदू आवाजात गात होता आणि हजारो श्रोते निःस्तब्ध होऊन ऐकत होते. त्याची बोटे गिटारवर अशी सहज चालत की दोघेजण वाजवीत आहेत असा भास व्हावा. १९६६ साली तो वारला. आयुष्याच्या त्या शेवटच्या तीन वर्षांत त्याने पुन्हा ध्वनिमुद्रण केले, शहरोशहरी कार्यक्रम केले आणि गिटारवादकांच्या एका संपूर्ण पिढीला आपली शैली देऊन ठेवली. ती तीन वर्षे त्याला मिळाली नसती, तर त्याच्या मागे काही जुन्या तबकड्याच काय त्या उरल्या असत्या.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात प्रश्न एका भाषेचा होता. अठराव्या शतकात इंग्रजांनी आजच्या कॅनडातील अकेडिया प्रांतातून हजारो फ्रेंच वसाहतवाल्यांना हुसकावून लावले. त्यांपैकी अनेक कुटुंबे लुइझियानाच्या पाणथळ प्रदेशात येऊन राहिली. त्यांचे वंशज ते केजन. त्यांची बोली फ्रेंच. त्यांची वाद्ये ॲकॉर्डियन, फिडल आणि लोखंडी त्रिकोण. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानातील शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरविले. शाळेच्या आवारात घरची भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. अशा शिक्षा भोगलेली मुले मोठी होऊन आईबाप झाली, तेव्हा आपल्या मुलांशी त्यांनी ती भाषा बोलणे टाळले. भाषेबरोबर गाणेही हलके ठरले. शिकल्यासवरल्या केजन लोकांना आपल्या खेडुतांचे वाजविणे ऐकताना संकोच वाटू लागला.

न्यूपोर्ट प्रतिष्ठानाने राल्फ रिंझलर या तरुण मँडोलिनवादकाला लोकगायकांच्या शोधासाठी नेमले होते. तो ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन खेडोपाडी हिंडत लुइझियानात आला. १९६४ च्या महोत्सवासाठी त्याने तिघा केजन वादकांना निमंत्रण दिले, तेव्हा तेथील एका वृत्तपत्राने नाक मुरडले. असले गावठी वाजविणे परक्यांपुढे नेले तर आपले हसे होईल, असा त्या टीकेचा रोख होता. त्या तिघांत ड्यूई बॅल्फा हा गिटार घेऊन गेला होता, तोही आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी. शेती करावी, शाळेची बस चालवावी, विम्याची कामे मिळवावी, असा त्याचा उदरनिर्वाह होता. दोनशेंहून अधिक माणसांपुढे तो कधी वाजला नव्हता. न्यूपोर्टला समोर सतरा हजारांच्या घरात श्रोते होते. त्यांना त्या गाण्यांतील एक शब्दही कळत नसावा. तरी वाजविणे संपताच ते उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात.

बॅल्फा घरी परतला तो वेगळा माणूस होऊन. त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी आपल्या गावच्या लोकांच्या कानी पडला पाहिजे, हा त्याने ध्यास घेतला. आपल्याला प्रसिद्धी मिळाली म्हणून न्यूयॉर्कला जाऊन राहण्याचा विचार त्याने केला नाही. न्यूपोर्टच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या साहाय्यातून लुइझियानात पारंपरिक वादकांच्या स्पर्धा होऊ लागल्या. तो शाळांतून हिंडून मुलांना फिडल ऐकवू लागला. १९६८ साली राज्य शासनाने फ्रेंच भाषेच्या विकासासाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली. १९७४ च्या मार्च महिन्यात लाफायेट शहरात केजन संगीताचा मोठा गौरवसोहळा झाला आणि त्याचेच पुढे वार्षिक महोत्सवात रूपांतर झाले. या सर्व घटना एका बॅल्फामुळे घडल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तथापि ज्या लोकांना आपल्या भाषेची लाज वाटत होती त्यांना ती लाज टाकण्यास या टाळ्यांनी धीर दिला, यात शंका नाही. स्वतःच्या मुलुखापासून दूर, दुसऱ्या भाषेच्या शेजारात राहून आपली भाषा मुलांना कशी द्यावी, या विवंचनेत असलेल्या कोणत्याही कुटुंबाला या हकीकतीचे मर्म निराळे सांगावे लागणार नाही.

रिंझलरने न्यूपोर्टला जो अनुभव मिळविला त्याचा उपयोग त्याने पुढे राजधानीत केला. १९६७ साली वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेच्या वतीने सुरू झालेल्या अमेरिकन लोकजीवन महोत्सवाच्या संस्थापकांपैकी तो एक होता. याच महोत्सवात १९८५ साली, भारत महोत्सवाच्या निमित्ताने, राजीव सेठी यांच्या सहकार्याने एक भारतीय मेळा उभारण्यात आला. आपल्या रस्त्यांवर खेळ करून पोट भरणारे बहुरूपी, जादूगार, कसरती करणारे कलावंत त्या वर्षी अमेरिकेच्या राजधानीतील विस्तीर्ण मैदानावर पाहुणे म्हणून सन्मानाने वावरले. न्यूपोर्टच्या हिरवळीवर रुजलेल्या एका कल्पनेची सावली अशा रीतीने भारताच्या पथारीवाल्या कलावंतांपर्यंतही येऊन पोहोचली.

भारताशी आणखी एक धागा जुळतो. १९६३ च्या महोत्सवात जॉर्जिया राज्यातील नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेले ‘फ्रीडम सिंगर्स’ हे तरुण गायक उपस्थित होते. बाएझ, सीगर, बॉब डिलन आणि इतर गायक यांच्यासह हातांत हात गुंफून त्यांनी ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गीत गाइले. पुढच्याच महिन्यात, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघाला. एका जुन्या धर्मगीताच्या परंपरेतून, तंबाखूच्या कारखान्यातील संपकरी स्त्रियांच्या कंठातून आणि चळवळीच्या शिबिरांतून घडत आलेले हे गीत, आकाशवाणीच्या सेवेत आयुष्याची बरीच वर्षे घालविलेले हिंदी कवी गिरिजाकुमार माथुर यांच्या रूपांतरामुळे ‘हम होंगे कामयाब’ या नावाने भारतातील शाळाशाळांतून घुमले. ते म्हणणाऱ्या आपल्याकडील मुलांपैकी फार थोड्यांना त्याचा हा प्रवास ठाऊक असेल. लोकगीताचा स्वभावच असा आहे की, ते ज्या घरी जाते त्या घरचे होते.

परंतु न्यूपोर्टच्या इतिहासात सर्वांत अधिक चर्चा झाली ती एका भांडणाची. २५ जुलै १९६५ रोजी रात्री बॉब डिलन विजेवर चालणारी गिटार आणि वाद्यवृंद घेऊन रंगमंचावर आला. आदल्या दोन वर्षांत हाच तरुण साधी गिटार व तोंडाने वाजविण्याचा हार्मोनिका घेऊन गात असे आणि श्रोते त्याला आपल्या पिढीचा कवी मानीत. त्या रात्री त्याने तीन गाणी रॉकच्या ढंगात गाइली. काही श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, काहींनी हुर्यो उडविली. मग तो एकटाच परत आला आणि साध्या गिटारवर आणखी दोन गाणी गाऊन निघून गेला. हुर्यो कशासाठी होती याविषयी उपस्थितांत आजतागायत एकमत नाही. कोणी म्हणतात, विजेच्या वाद्यांचा राग आला. कोणी म्हणतात, गाणी फार थोडी झाली म्हणून. तर कोणी ध्वनिवर्धकाची योजना बिघडल्याचे सांगतात. पीट सीगर त्या वेळी संतापला होता हे खरे. त्याचे पुढील स्पष्टीकरण असे की, त्या गदारोळात गाण्याचे शब्दच ऐकू येत नव्हते, हा त्याचा आक्षेप होता.

या प्रसंगाकडे जुने विरुद्ध नवे अशा सोप्या दृष्टीने पाहण्याचा प्रघात पडला आहे. पण त्या रात्री डिलनला साथ करणाऱ्यांपैकी ढोलवादक सॅम ले आणि बेस गिटारवादक जेरोम अर्नोल्ड हे दोघे शिकागोच्या कृष्णवर्णीय ब्लूज परंपरेत तयार झालेले होते. मिसिसिपीच्या शेतांतून हजारो कृष्णवर्णीय मजूर उत्तरेच्या कारखान्यांकडे गेले, तेव्हा शहरी गोंगाटात गाणे ऐकू जावे म्हणून त्यांनीच आपली गिटार विजेला जोडली होती. म्हणजे विजेची गिटार हेही लोकजीवनातूनच आलेले वाद्य होते. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, हाउलिंग वुल्फ हा शिकागोचा बलदंड गायक विजेच्या वाद्यांसह न्यूपोर्टला गायला. मुळे जमिनीत असतात, पण ती वाढणारी असतात, एवढी गोष्ट लक्षात घेतली तर या वादाची धार पुष्कळशी बोथट होते. आज रॉक गाणारा तरुण आणि जुने पद गाणारी वृद्धा यांना न्यूपोर्टला एकाच दिवशी ऐकता येते, ते त्या भांडणातून निघालेले फळ आहे.

मात्र संस्थेवरील खरे संकट भांडणातून आले नाही. ते गर्दीतून आणि पैशातून आले. १९७१ च्या जुलै महिन्यात जॅझ महोत्सवात पुन्हा दंगल झाली. कुंपण मोडून जमाव आत शिरला. गावाने दरवाजे बंद केले आणि लोकसंगीताचा महोत्सव त्यानंतर बरीच वर्षे भरलाच नाही. १९८५ साली वाइनने फोर्ट ॲडम्स येथे तो पुन्हा सुरू केला, तेव्हा काळ बदलला होता. जुने प्रतिष्ठान उरले नव्हते. खर्च भागविण्यासाठी कंपन्यांचा आश्रय घ्यावा लागला आणि आश्रयदात्याचे नाव महोत्सवाच्या नावाआधी लागू लागले: एके काळी आइस्क्रीमच्या, मग फळांच्या रसाच्या, पुढे कॉफीच्या दुकानांच्या मालकांचे. २००७ साली वाइनने आपला सारा व्यवसाय दुसऱ्या एका कंपनीला विकला. ती कंपनी दोन वर्षांतच डबघाईस आली. ज्या गावाने दोन वेळा दंगल सोसली होती त्या गावातून आता महोत्सवच नाहीसा होणार असे दिसू लागले. त्या वेळी ऐंशी वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडलेला वाइन पुन्हा पुढे आला आणि २००९ चा महोत्सव त्याने स्वतःच्या जबाबदारीवर भरविला. अखेरीस २०११ साली महोत्सव पुन्हा नफ्याचा हेतू नसलेल्या प्रतिष्ठानाकडे गेला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी सीगरने सुचविलेल्या वाटेवर तो असा फिरून आला. २०२१ साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वाइन वारला, तेव्हा त्याच्या पश्चात संस्था उभी राहील अशी व्यवस्था झालेली होती.

आजच्या स्वतंत्र कलावंताच्या दृष्टीने या व्यवस्थेचे महत्त्व पूर्वीपेक्षा कमी झालेले नाही. एके काळी मोठी कंपनी कंत्राट देत असे, ध्वनिमुद्रणाचा खर्च करीत असे आणि गाण्यावरील हक्कांचा मोठा वाटा आपल्याकडे ठेवीत असे. या बंधनातून सुटण्यासाठी काहींनी स्वतःच्या छोट्या कंपन्या काढल्या. जॉन प्राइन या टपाल वाटता वाटता गीतकार झालेल्या गायकाने १९८० नंतर मोठ्या कंपन्यांची वाट सोडून स्वतःची संस्था काढली आणि टपालानेच आपल्या ध्वनिमुद्रिका विकल्या. अ‍ॅनी डिफ्रँको या तरुणीने १९९० साली बफेलो शहरात हाच मार्ग धरला. आता संगणकावर किंवा दूरध्वनीवर गाणे घरबसल्या ऐकता येते. परंतु एका वेळच्या ऐकण्यामागे कलावंताच्या पदरात एका सेंटचाही अंशच पडतो. म्हणून स्वतंत्र कलावंताची भाकर ध्वनिमुद्रिकेवर कमी आणि प्रत्यक्ष व्यासपीठावर अधिक अवलंबून राहिली आहे. २०२० साली महासाथीमुळे व्यासपीठेच बंद पडली, तेव्हा कित्येक गायकांचे उत्पन्न एका आठवड्यात शून्यावर आले. न्यूपोर्टचा महोत्सवही त्या वर्षी रद्द झाला. पण प्रतिष्ठानाने निधी उभारून अडचणीतील संगीतकारांना साहाय्य केले. नफा वाटून घेणारे भागधारक नसले म्हणजे संस्थेला संकटकाळी काय करता येते, याचे हे उदाहरण होय.

मुळांचा शोधही थांबलेला नाही. बॅन्जो हे वाद्य अमेरिकेत दीर्घकाळ डोंगराळ भागातील गोऱ्या लोकांचे म्हणून ओळखले गेले. वस्तुतः त्याचे पूर्वज गुलामांबरोबर आफ्रिकेतून आले. रिआनॉन गिडन्स या नॉर्थ कॅरोलायनातील कलावतीने आपल्या सहकाऱ्यांसह जो टॉमसन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाकडून जुनी परंपरा आत्मसात केली आणि हे विस्मृत नाते पुन्हा लोकांपुढे मांडले. २०१९ साली आणखी तीन कृष्णवर्णीय बॅन्जोवादिनींसह ती न्यूपोर्टच्या व्यासपीठावर बसली, तेव्हा एका वाद्याचा हरवलेला वारसा त्याच्या वारसदारांच्या हाती परत आला होता.

या संस्थेत दोष नाहीत असे नाही. पन्नास डॉलरची समता ही प्रसिद्ध गायकाला परवडणारी होती. तीन दिवसांनंतर तो आपल्या बाजारभावाकडे परत जाई आणि शेतमजूर आपल्या शेताकडे. श्रोतृवर्ग बव्हंशी सुस्थित, सुशिक्षित आणि गोरा राहिला. पन्नास डॉलरचा तो नियम आज उरलेला नाही, आणि तिकिटे इतक्या झपाट्याने संपतात की सामान्य माणसाला दाराशीच थांबावे लागते. तरीही नियम गेला म्हणून त्यामागची दृष्टी सर्वस्वी गेली असे म्हणता येत नाही. २४ जुलै २०२२ रोजी तिचे दर्शन घडले. १९६७ साली याच महोत्सवात गाइलेली जोनी मिचेल २०१५ साली मेंदूतील विकाराने अंथरुणाला खिळली होती. तिला बोलणे-चालणेही नव्याने शिकावे लागले. आपली जुनी ध्वनिचित्रे पाहून, बोटे गिटारवर कोठे ठेवावयाची, हे तिने पुन्हा शिकून घेतले. त्या दुपारी ब्रँडी कार्लाइल आणि इतर तरुण गायकगायिका तिच्याभोवती अर्धवर्तुळ करून बसल्या. आधी कसलीही जाहिरात झालेली नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती कलावती हळूहळू सूर धरू लागली आणि जेथे तिचा आवाज थकेल तेथे भोवतालच्यांनी आपला आवाज खाली घातला. जे पुढे गेले त्यांनी मागे वळून हात द्यावा, हाच १९६३ च्या नियमाचा अर्थ होता.

लोकसंगीताचे महोत्सव आज सर्व देशांत भरतात. दिव्यांची रोषणाई, गर्दीचे आकडे, आश्रयदात्यांच्या पाट्या यांवरून त्यांची थोरवी मोजण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. न्यूपोर्टचा साठ-पासष्ट वर्षांचा अनुभव मात्र वेगळे माप सुचवितो. मेळा उठल्यावर जो वादक आपल्या गावी परत जातो, तो काय घेऊन जातो? केवळ पाकिटातील बिदागी, की आपली भाषा, आपले वाद्य आणि आपली माणसे कोणापेक्षा उणी नाहीत, ही खात्रीही? ड्यूई बॅल्फा १९९२ साली वारला. त्याला १९६४ साली मिळालेले पन्नास डॉलर केव्हाच खर्च होऊन गेले असतील. लुइझियानातील शाळांतून मात्र आज मुले फ्रेंच शिकत आहेत, आणि त्यांतील काहींच्या खांद्याला फिडल टेकलेले आहे.